एंडा केनी: ४४ वर्षं खासदार, त्यातली पहिली २७ कुणाच्या खिजगणतीत नव्हता

मेयोकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज पाऊस धो धो आहे (म्हणजे इथला नेहमीचाच दिवस) म्हणून बसलोय. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मुक्काम कासलबार, काउंटी मेयो, आयर्लंडचा पार पश्चिम टोक. आपल्याकडे आयर्लंडचं राजकारण म्हटलं की लोक थेट वराडकरांवर येतात, ते आपल्या मालवणचे वगैरे. पण त्यांच्या आधी जो माणूस पंतप्रधान होता तो आमच्या या गावचा, एंडा केनी, आणि मला त्याची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग वाटते.

थोडक्यात सांगायचं तर बाप हेन्री केनी, मेयोच्या गेलिक फुटबॉल टीममधला, १९३६ साली ऑल आयर्लंड कप जिंकलेला, त्या पुण्याईवर १९५४ साली खासदार झाला आणि १९७५ मध्ये खासदार असतानाच वारला. पोटनिवडणूक लागली. एंडा तेव्हा २४ वर्षांचा, प्राथमिक शाळेत मास्तर. नोव्हेंबर ७५ ला निवडून आला आणि मग २०२० पर्यंत एकदाही हरला नाही. सलग ४४ वर्षं. शेवटची आठ-नऊ वर्षं तर तो सभागृहातला सर्वात जुना सदस्य होता, त्याला इथे 'फादर ऑफ द डॉल' म्हणतात. (डॉल म्हणजे इथली लोकसभा. पंतप्रधानाला टीशक म्हणतात, स्पेलिंग बघाल तर चक्कर येईल.)

आता गंमत बघा. या ४४ मधली पहिली २७ वर्षं त्याला कुणी फारसं विचारत नव्हतं. गॅरेट फिट्झगेराल्ड पंतप्रधान असताना त्याचा पक्ष फिनं गेल सत्तेत, पण याला मिळालं काय तर ८६ मध्ये एक राज्यमंत्रिपद, तेही वर्षभर. कॅबिनेट मंत्री व्हायला १९९४ उजाडलं, पर्यटन आणि व्यापार, ते ९७ पर्यंत. २००१ ला पक्षनेतेपदासाठी उभा राहिला, मायकेल नूनन जिंकले. डब्लिनचे पेपरवाले त्याला गावाकडचा हसरा गडी, पाठीवर थाप मारणारा, डोक्याने जेमतेम, असंच समजायचे. आणि हाच माणूस २०११ मध्ये देश दिवाळखोरीत असताना पंतप्रधान झाला. कसा झाला? माझं मत असं की त्याने दुसरं काही केलं नाही, तो फक्त गेला नाही. बाकीचे गेले. आणि तो टिकला कशावर, तर मयतींवर. खरंच सांगतोय, त्याबद्दल खाली प्रतिसादात लिहितो, हात दुखले.

शंकासुर

म्हणजे बाप मेल्यावर मुलाला तिकीट, सहानुभूतीची लाट, मग तहहयात सीट. यात इंटरेस्टिंग काय आहे साहेब, हे तर आमच्याकडे प्रत्येक तालुक्यात आहे. धागा टाकायला आयर्लंडला जायची गरज नव्हती.

मालवणी_तिखट

छान विषय मेयोकर. मयतींचं लिहा लवकर, वाट बघतेय. आणि वराडकरांचं पण येऊ द्या, आमच्या तालुक्यातलं वराड गाव हो ते, सोडतो काय आम्ही!

मेयोकर

@शंकासुर, तिकीट बापामुळे मिळालं हे शंभर टक्के मान्य. पण एकदा मिळणं वेगळं आणि पुढच्या सगळ्या निवडणुका काढणं वेगळं. १९७७ ला त्याच्या पक्षाचा (फिनं गेल) धुव्वा उडाला, समोरच्या फिआना फॉइलला १४८ पैकी ८४ जागा, हा तरीही आला. आणि समोर कोण, तर पॉड्रिग फ्लिन, तोही कासलबारचाच, तोही मास्तर, पुढे युरोपियन कमिशनर झाला, जबरदस्त गडी. एकाच गावात दोन तगडे नेते आणि दोघंही निवडून यायचे, कारण इथे एका मतदारसंघातून तीन-चार-पाच खासदार जातात.

आता मयतीचं. इथे मयत हा केवढा मोठा सोहळा असतो ते आल्याशिवाय कळत नाही. आमच्या मिडवेस्ट रेडिओवर रोज निधनवार्ता वाचतात, कोण वारलं, कुठल्या गावचं, दर्शन कधी, मास (चर्चमधली प्रार्थना) कधी, आणि अख्खी काउंटी कान देऊन ऐकते. मग लोक रांगेत उभं राहून घरच्या प्रत्येकाशी हात मिळवतात आणि एकच वाक्य म्हणतात, 'सॉरी फॉर युवर ट्रबल'. राजकारणी माणसाने ती रांग चुकवली की संपला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने मला सांगितलं की त्याच्या आईच्या वेळी केनी आला होता, भर पावसात, रांग न मोडता. आणि हा म्हातारा जन्मभर विरोधी पक्षाचा! म्हणाला, पहिलं मत मी त्याला कधी दिलं नाही, पण तिसरं-चौथं दिलंय.

ते तिसरं-चौथं मत म्हणजे काय हे कळलं की केनी कळतो.

पसंतीक्रमवाला

हे मी सांगतो, माझा आवडता विषय. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात कसं १, २, ३ असे आकडे टाकतो, तसंच आयर्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणुकीला. आपली राज्यसभेची निवडणूकही याच पद्धतीची. २०२२ ची सहावी जागा आठवा, संजय पवारांना पहिल्या पसंतीची मतं जास्त होती तरी धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीवर निघाले, आणि मेयोकर, दोघंही तुमच्या कोल्हापूरचे!

कोटा असा काढतात: एकूण वैध मतं भागिले (जागा अधिक एक), त्यात एक मिळवायचा. म्हणजे पाच जागा असतील तर साधारण सहावा हिस्सा मतं मिळाली की झालात खासदार. ज्याला जास्त पडली त्याची जादाची मतं पुढच्या पसंतीला वाटतात, जो तळाला आहे त्याला बाद करून त्याची मतंही वाटतात, असं करत करत मोजणी कधी कधी दोन-तीन दिवस चालते. त्यामुळे तिथे शत्रू करून चालत नाही, विरोधकाच्या मतदाराचं तिसरं मतही लागतं. आणि सगळ्यात मजा म्हणजे तुमचा खरा स्पर्धक तुमच्याच पक्षाचा दुसरा उमेदवार असतो, कारण पक्षाची मतं दोघांत वाटायची असतात.

बाय द वे आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली, आणि राज्यसभेतले १२ राष्ट्रपतीनियुक्त सदस्य, ती कल्पनाही तिकडच्या सीनेटवरूनच. शाळेत पाठ केलं होतं, कशासाठी ते आता कळतंय.

शंकासुर

पसंतीक्रमवाला, माहिती चांगली आहे पण यातून एवढंच सिद्ध होतं की सगळ्यांशी गोड बोलणारा आणि काहीही ठाम न बोलणारा माणूस तिथे टिकतो. हे कौतुक आहे का?

गणूकाका

खासदार लोकांच्या सुखदुःखाला गेला तर त्यात नावं ठेवण्यासारखं काय आहे? आमच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले ते काय भाषणांवर? माणसं जोडून ठेवली म्हणून. फरक इतकाच की आमचे आबा मधे दोनदा पडले आणि परत आले, हा तुमचा केनी पडलाच नाही.

मेयोकर

काका, पडता पडता वाचला! २००२ ची गोष्ट तीच आहे. त्या वर्षी फिनं गेलची अशी वाताहत झाली की ५४ वरून ३१ वर आले, माजी पक्षनेते ॲलन ड्यूक्स पडले, उपनेते जिम मिचेल पडले. मेयोत केनीही लटकला होता, त्याने म्हणे हरल्यावरचं भाषण खिशात तयार ठेवलं होतं. शेवटी तो निघाला आणि त्याच्याच पक्षाचे जिम हिगिन्स पडले (पसंतीक्रमवाल्यांनी वर म्हटलंय तेच, आपला स्पर्धक आपल्याच घरात). नूनननी त्या रात्रीच राजीनामा दिला. आणि मग पक्षाने बघितलं तर उरलेत कोण, मोठी झाडं सगळी पडलेली, जूनमध्ये केनी नेता झाला. २७ वर्षं थांबला आणि वादळाने रांगच मोकळी केली.

मतमोजणीला एकदा नक्की जा कुणी इकडे आलात तर. पेट्या उघडून मतपत्रिका टेबलावर सरळ करतात तेव्हा कठड्याच्या पलीकडून सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते वह्या घेऊन वाकून बघत असतात, टॅलीमन म्हणतात त्यांना, आणि एकमेकांशी आकडे वाटून घेतात. दुपारपर्यंत कुठल्या वाडीने कुणाला किती दिली ते यांच्या वहीत तयार. आम्हाला मात्र डॉलला मत नाही हं, नागरिकत्व घेतल्याशिवाय फक्त लोकल काउन्सिलला.

लिफीकाठचा

डब्लिनमधून लिहितोय. मेयोकर, तुम्ही गावकरी आहात म्हणून जरा जास्तच प्रेमाने लिहिताय :-) आमच्याकडे केनी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, खर्चकपात-करवाढ, आणि पाणीपट्टी. २०१० मध्ये आधीच्या सरकारने आयएमएफ-युरोपकडून ८५ अब्ज युरोचं पॅकेज घेतलं, २०११ ला लोकांनी फिआना फॉइलला असं झोडपलं की पाऊणशेच्या वर होते ते २० वर आले, आणि केनीच्या पक्षाला ७६. म्हणजे लोकांनी केनीला आणलं नाही, त्यांना घालवलं. मग पुढची तीन वर्षं कपात, पोरं ऑस्ट्रेलिया-कॅनडाला चालली, आणि दाव्होसला जाऊन हे साहेब म्हणतात काय, तर लोक कर्ज काढण्यात वेडे झाले होते. घरी वेगळं, बाहेर वेगळं.

आणि त्याचे ते किस्से! दर भाषणात 'मला परवा एक माणूस भेटला'. एकदा म्हणाला, हातात बिअरचे दोन पाइंट घेतलेला एक माणूस भेटला आणि पाणीपट्टीबद्दल असं असं म्हणाला. अख्ख्या देशाने खिल्ली उडवली. आपल्याकडे नाही का, प्रत्येक नेत्याला वाटेत एक शेतकरी भेटतोच.

ओबामा आला तेव्हा तर कॉलेज ग्रीनला केनीने स्वागताच्या भाषणात ओबामाचीच २००८ ची वाक्यं त्यालाच ऐकवली, आणि वर ऑफिसने सांगितलं की ते मुद्दाम होतं.

मेयोकर

लिफीकाठचा, खिक्. दोन पाइंटवाला माणूस आमच्याकडे अजून शोधतायत. पण डिसेंबर २०१३ ला युरो वापरणाऱ्या देशांत अशा पॅकेजमधून बाहेर पडणारा आयर्लंड पहिला देश होता, हेही लिहा की. त्याची किंमत कुणी मोजली हा वाद आहेच, त्यात मी पडत नाही कारण तेव्हा मी इथे नव्हतो.

आणि दाव्होसला बोलला ते चूक, पण २० जुलै २०११ चं डॉलमधलं भाषण कुणी ऐकलंय का? क्लॉइन इथल्या धर्मप्रांतातल्या बालशोषणाचा अहवाल आला होता, आणि हा नेमाने मासला जाणारा, मेयोचा कॅथलिक माणूस उभा राहून थेट व्हॅटिकनला बोलला. आयर्लंडच्या पंतप्रधानाने असं बोलणं म्हणजे काय हे आपल्याला नाही कळणार. त्या वर्षी व्हॅटिकनमधला दूतावासच बंद केला, खर्चाचं कारण देऊन (तीन वर्षांनी परत उघडला). सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस ना शंकासुर?

शंकासुर

ते भाषण मी आत्ता वाचलं. मान्य, दम आहे. पण मॅग्डलेन लाँड्रीच्या (चर्चची धुलाईघरं, जिथे बायकांना कोंडून राबवायचे) बायकांचं काय? फेब्रुवारी २०१३ मध्ये अहवाल आला त्या दिवशी त्याने धड माफी मागितली नाही, आरडाओरडा झाल्यावर दोन आठवड्यांनी, १९ तारखेला मागितली, रडत रडत. म्हणजे वारा बघूनच ना?

बेळगावची_रेवा

मी सहसा वाचनमात्र असते पण इथे लिहावंसं वाटलं. सविता हलप्पनवार आमच्या बेळगावची. ऑक्टोबर २०१२, गॉलवे, वय ३१, १७ आठवड्यांची गरोदर, गर्भ वाचणार नाही हे माहीत असताना मागूनही गर्भपात मिळाला नाही आणि ती गेली. तेव्हा पंतप्रधान हेच होते. आमच्याकडे त्या दिवसांत घराघरात तोच विषय होता, कित्येक मुली नोकरीला तिकडे जायच्या तयारीत होत्या.

त्यामुळे केनी हे नाव मी प्रेमाने नाही वाचत. पण पुढे काय झालं ते मी सगळं वाचलंय. २०१३ मध्ये आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपात करता येईल एवढा कायदा त्यांनी आणला. फार तोकडा होता तो. तरीही त्यासाठी त्यांना रक्ताने लिहिलेली पत्रं आली, प्लास्टिकचे गर्भ पाठवले लोकांनी, आणि ते डॉलमध्ये म्हणाले की मी कॅथलिक असलेला टीशक आहे, कॅथलिक टीशक नाही. स्वतःच्या पक्षाच्या पाच खासदारांना विरोधात मत दिलं म्हणून गटातून काढलं, त्यात ल्युसिंडा क्रायटन राज्यमंत्री होत्या. मला विचाराल तर ते उशिरा आणि थोडं होतं. खरी दारं उघडली ती २०१८ च्या सार्वमताने, ६६ टक्क्यांनी, आणि तेव्हा हे पदावर नव्हते. नागरिकांची सभा नेमून तो विषय मार्गी लावायचं काम मात्र २०१६ ला यांच्याच सरकारने केलं. एवढंच. बाकी चालू द्या.

गणूकाका

रेवाताई, लिहिलंत ते बरं केलंत.

मेयोकर

रेवा, तुमच्या प्रतिसादावर उत्तर नाही माझ्याकडे. गॉलवे इथून दीड तासावर आहे, तिचं नाव अजून लोकांच्या तोंडी असतं. 'उशिरा आणि थोडं' हे मी त्याच्या बाजूने बोलणारा असूनही मान्य करतो, आणि शंकासुर, वारा बघूनच चालायचा हेही. फक्त त्या वेळी इथला वारा आपण पुण्या-मुंबईत बसून समजतो तेवढा सरळ वाहत नव्हता, गावागावात घरातल्या घरात दोन तट होते.

मालवणी_तिखट

आता मी वराडकरांवर येणार, कुणी हायजॅक म्हणू नका. बाबा डॉक्टर अशोक वराडकर मुंबईचे, मूळ आमचं वराड. आई आयरिश, नर्स. लिओ स्वतः डॉक्टर, आपल्या केईएमला इंटर्नशिप करून गेलेले. २००७ ला खासदार झाले. आणि ऐका, २०१० मध्ये केनीविरुद्ध बंड झालं त्यात हे बंडखोरांच्या बाजूला होते! बरोबर ना मेयोकर? २०१९ च्या डिसेंबरात गावी आले होते तेव्हा अख्खा तालुका वराडला. सगळ्यांना वाटत होतं काका-आत्याचा मुलगा आला.

मेयोकर

अगदी बरोबर. जून २०१०. सत्ताधाऱ्यांचं पार पानिपत होत असूनही पोलमध्ये केनी मागे, म्हणून उपनेते रिचर्ड ब्रूटन उठले, शहरी शिकलेली तरुण मंडळी सगळी तिकडे, वराडकरसुद्धा. केनीने ब्रूटनना काढलं, मग अख्खी फळीच बरखास्त केली, आणि गुप्त मतदानात जिंकला. किती मतांनी ते पक्ष सांगत नाही. लोक म्हणतात त्याला ग्रामीण आणि नेहमी मागे बसणाऱ्या सदस्यांनी वाचवलं, जे स्वतःही वर्षानुवर्षं मागे बसलेले, त्यांना तो कळत होता. पण मला आवडतो तो पुढचा भाग, जिंकल्यावर त्याने ब्रूटनना परत घेतलं, वराडकरांनाही घेतलं, २०११ ला दोघांना मंत्री केलं. आणि २०१५ ला समलिंगी विवाहाचं सार्वमत घेतलं, ६२ टक्के हो, त्याच वर्षी जानेवारीत वराडकरांनी रेडिओवर स्वतः समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. बंडखोरच वारस झाला.

लिफीकाठचा

आणि शेवट चांगला झाला नाही हेही लिहा. २०१६ ला ७६ वरून ५० जागा, ७० दिवस सरकारच बनेना, शेवटी फिआना फॉइलने बाहेरून टेकू दिला. ज्यांच्याशी १९२२-२३ च्या यादवीपासून वैर त्यांच्याच मेहेरबानीवर. प्रचारात तर आपल्याच कासलबारच्या लोकांना रडे म्हणाला होता!

मेयोकर

हो, 'ऑल आयर्लंड चॅम्पियन रडे'. आमच्या गावात हे विशेष लागलं, कारण ऑल आयर्लंड चॅम्पियन आम्ही दुसऱ्या कशातच नाही. मेयोने कप घेतला फक्त १९३६, ५० आणि ५१ मध्ये. ५१ म्हणजे केनीचं जन्मसाल. त्यानंतर फायनलला जायचं आणि हरायचं. लोक सांगतात की ५१ ची टीम कप घेऊन येताना फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती आणि हे नाचत-गात तसेच पुढे गेले, म्हणून धर्मगुरूने शाप दिला, यांच्यातला एक जरी जिवंत असेल तोवर कप नाही. शेवटचा खेळाडू २०२१ मध्ये गेला, कप अजून नाही. आता सांगा, ज्या काउंटीत मयत चुकवली म्हणून सत्तर वर्षांचा शाप आहे असं मानतात, तिथे खासदार मयत चुकवेल?

पसंतीक्रमवाला

दंडवत! हा प्रतिसाद धाग्यात पाहिजे होता.

गणूकाका

त्याच्या घरच्यांबद्दल काही? मुलगा वगैरे आला का राजकारणात?

मेयोकर

बायको फिनूला ओ'केली, आधी विरोधी पक्षाची, फिआना फॉइलची, प्रसिद्धी अधिकारी होती, त्यांचे तेव्हाचे नेते हॉही यांच्या काळात. १९९२ ला लग्न. तीन मुलं. २०१७ च्या मार्चमध्ये व्हाइट हाउसला ट्रम्पच्या शेजारी उभा राहून सेंट पॅट्रिक हा स्थलांतरितांचा संत आहे असं बोलला, तो व्हिडिओ खूप फिरला. जूनमध्ये वराडकरांकडे खुर्ची दिली आणि परत साधा खासदार म्हणून मागे जाऊन बसला. २०२० ला उभाच राहिला नाही. आणि नाही, मुलांपैकी कुणी त्याच्या जागी उभं राहिलं नाही.

शंकासुर

बरं, एवढं एक मी मागे घेतो मग. जागा कुणाला गेली?

मेयोकर

त्या वर्षी मेयोत फिनं गेलच्या दोन जागा आल्या, एक जुने मायकेल रिंग, आणि दुसरा नवा, ॲलन डिलन.

मेयोच्या फुटबॉल टीममधला.

शंकासुर

:-))